मामाची पाइपवरची शेगडी

हे लिहायला घेताना मला संकोच वाटतो आहे, तो आधी सांगून टाकतो. आपले आयुष्य लिहून काढायला माणसाने काहीतरी करून दाखवलेले असावे, निदान त्याचे केस तरी पांढरे झालेले असावेत. माझ्याकडे दोन्ही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते आणि मी अजून शिकतोच आहे. पुस्तकात छापतात तसली वाक्ये लिहिताना कुणीतरी मागून वाकून बघेल आणि हसेल, असे मला अजून वाटत राहते. घरी आम्ही मालवणी बोलतो. लिहायची वेळ क्वचितच यायची. तेव्हा कुठे चुकले तर सांभाळून घ्यावे. माझ्या वाढत्या वयातला एकच तुकडा मला इथे ठेवायचा आहे, आणि तो माझ्यापेक्षा माझ्या मामाचा जास्त आहे. त्याच्याविषयी लिहील असे दुसरे कुणी मला दिसत नाही, म्हणून मी लिहितो.

मी वाढलो मामाच्या घरात. माझे वडील मुंबईत कामाला होते. मी फार लहान असताना ते वारले आणि आई मला घेऊन शिरोड्याजवळच्या आपल्या माहेरी आली. सुधाकर हा तिचा धाकटा भाऊ, माझा सुधामामा. ती त्याला ‘सुधा’ म्हणायची, तो तिला ‘बाय’ म्हणायचा. घरात आई, मामी, मी आणि मामाची मुलगी तेजू असायचो. मामा आखातात असायचा, तिथल्या एका हॉटेलात मासे भाजायच्या कामावर. सकाळी आम्हाला जाग यायची ती दर्याच्या गाजेने नव्हे; गाज तर चोवीस तास असायची, म्हणून ती ऐकूच यायची नाही. जाग यायची मामीच्या रगड्याने. खोबरे वाटले जायचे, मध्येच तिरफळांचा वास यायचा, अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे शेजारचे बाबलकाका खाकरायचे, आणि चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटत असायची. पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा असला की त्या दिवशी आणखी काही नको असायचे. आजही माझ्या खोलीत गॅसवर भात शिजताना झाकण वाजते तेव्हा मला क्षणभर त्या स्वयंपाकघरात असल्यासारखे वाटते. मग कुकरची शिट्टी होते आणि ते जाते.

तेजूला तिचा बाप माहीत होता तो मोबाइलमधला. रोज संध्याकाळी ती त्याच्याशी भरभरून बोलायची. शाळेतले, मांजराचे, कुणी कुणाला मारले ते. पण तो खराखुरा घरी आला की ती मामीच्या पदरामागे जायची. त्या वर्षी दसऱ्यानंतर तो आला तेव्हाही तेच झाले. मग मामाने एक युक्ती काढली. तो बाहेर लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, बसायचा आणि स्वयंपाकघरात ठेवलेल्या मामीच्या मोबाइलवर फोन लावायचा.

“बाबा, तुमी खंय आसात?” तेजू आतून विचारायची.

“हंयच आसंय गो,” तो बाहेरून म्हणायचा, म्हणजे इथेच आहे ग.

मध्ये एक भिंत होती. दोघे तसे तासभर बोलायचे. मामी मला म्हणायची, “बघ रे दिगू, रिचार्ज घरातल्या घरात संपतासा!” पण ती त्यांना थांबवायची नाही. पुढे पुढे तेजू बोलता बोलता फोन हातात धरून दारापर्यंत यायला लागली होती.

त्या वेळी मामा आला होता तो कायमचा राहायचे ठरवून. त्याच्या हॉटेलात नवे सामान बसवत होते आणि जुनी गॅसची शेगडी, ग्रिल म्हणतात ती, भंगारात जाणार होती. मालकाने ती मामाला देऊन टाकली. मामाने स्वतः तिचे भाग सुटे केले, लाकडी पेटीत भरले आणि कार्गोने घरी पाठवले. पेटी उघडली तेव्हा अर्धी वाडी अंगणात होती. खाटेएवढी लांब, स्टीलची, चार बर्नरांची, वर जाड जाळी. मामी म्हणाली, “ह्या घरात इतकी चकचकीत वस्तू दुसरी नाय, माका धरून!” मामाचा बेत साधा होता. आमच्या माडांखाली झावळ्यांचा माटव, म्हणजे मांडव, घालायचा, चार टेबले मांडायची आणि किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना ताजा मासा भाजून द्यायचा. हे जमले तर तो परत जाणार नव्हता. “आता दर्याच्या ह्याच बाजूक मासे भाजतलंय,” असे तो येईल त्याला सांगायचा. तेजू त्या वेळी पदरामागून डोके बाहेर काढून ऐकायची.

मी तेव्हा घाटावरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो आणि दिवाळीच्या सुट्टीला आलो होतो. घाटावर म्हणजे आंबोलीची वळणे चढून जावे लागते. आईला एस.टी.चा घाट अजिबात सोसत नाही. दुसऱ्या वळणालाच ती खिडकीबाहेर डोके काढते. म्हणून माझ्या प्रवेशाच्या वेळीसुद्धा ती आली नव्हती. माझे कॉलेज तिने पाहिलेले नव्हते. तिच्या मनात ते एखाद्या मोठ्या देवळासारखे काहीतरी असावे, कारण त्याचा विषय निघाला की ती आवाज लहान करायची.

शेगडी पेटवायच्या दिवशी बाबलकाकांनी गाऱ्हाणे घातले. आमच्याकडे नवी होडी असो की नवा पंप, देवाला सांगितल्याशिवाय चालू करत नाहीत. काका पंचा सावरून शेगडीपुढे उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “बा देवा म्हाराजा! आज हो तुझो लेकरू दर्यापलीकडसून घराक इलोसा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे म्हणालो.

“हेचो धंदो बरो चलांदे. हेका परत दर्यापार जावची पाळी हाडू नको!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि पयलो भाजलेलो बांगडो ह्या बाबलाक गावांदे!”

“व्हय म्हाराजा!” सगळे हसले, मामा सर्वांत मोठ्याने.

आणि मग काकांनी नारळ वाढवला तो शेगडीच्याच कोपऱ्यावर. मामा “ओ काकानू, भायर, भायर!” म्हणेपर्यंत नारळाचे सगळे पाणी जाळीतून खाली बर्नरांत गेले होते. “शेगडेचो मान शेगडेर,” काका शांतपणे म्हणाले आणि खोबऱ्याचे तुकडे करायला लागले.

मामाने गॅसची टाकी जोडली, नॉब फिरवला आणि काडी लावली. भक्कन आवाज झाला आणि पिवळीधमक आग माणसाच्या छातीएवढी वर आली. माटवाच्या झावळ्यांची टोके करपली. तेजू किंचाळली. मामाने टाकी बंद केली, तोवर जाळीवर काजळीचा थर बसला होता. सगळ्यांनी एकदम बाबलकाकांकडे बघितले.

“काकानू,” मामी म्हणाली, “शेगडेक न्हावक घातलास तुमी!”

त्या दिवशी ते हसण्यावारी गेले. दुसऱ्या दिवसापासून मात्र आम्ही बर्नर घासायला बसलो, कारण दोष नारळाच्या पाण्याचा आहे याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. बर्नर सुटे करून गडग्यावर उन्हात ठेवले. आमसुलांच्या पाण्याने धुतले. तेजूच्या जुन्या ब्रशाने एकेक भोक साफ केले. दिवाळीच्या पहाटे तुळशीसमोर कारीट फोडले, गोडे फोव, म्हणजे पोहे, नि ताकातले फोव खाल्ले आणि तोंड पुसून पुन्हा बर्नर घेतले. जोडून पेटवायचे, पिवळी आग यायची, पुन्हा सुटे करायचे. बाबलकाका रोज गडग्याशी यायचे आणि विचारायचे, “सुकला काय रे पाणी?” आम्ही नाही म्हटले की खाली मान घालून परत जायचे. त्यांनी खोकणेसुद्धा कमी केले होते.

एका सकाळी मामा माझ्याकडे वळला. “दिगू, तू कॉलेजात जातंस मा? सायन्स मा तुझा? मगे बघ बघू, हिका काय झाला ता.”

त्याने ते टोमणा म्हणून म्हटले नव्हते. त्याला खरेच वाटत होते की कॉलेजात गेलेल्या माणसाला हे माहीत असणार. मला काहीच माहीत नव्हते. पण त्याच्या त्या विश्वासाने मी उठलो आणि मोबाइल घेऊन गडग्यावर चढलो, कारण आमच्याकडे रेंज तिथेच यायची. बराच वेळ वाचल्यावर कळले ते असे. मामाच्या हॉटेलात गॅस पाइपने यायचा. तो गॅस वेगळा आणि आपल्या टाकीतला वेगळा. प्रत्येक बर्नरच्या तोंडाशी पितळेचा एक लहानसा जेट असतो, त्याच्या भोकातून गॅस येतो. पाइपच्या गॅससाठी ते भोक मोठे ठेवतात. टाकीच्या गॅसला बारीक लागते. आमच्या शेगडीचे जेट पाइपचे होते. नारळाचा यात काही संबंध नव्हता.

हे मामाला कसे सांगावे ते मला सुचेना. शेवटी म्हणालो, “मामानू, पाइपचो गॅस म्हंजे पातळ पेज. पोट भराक मोठी वाटी लागता. टाकयेतलो गॅस म्हंजे भात. तो वायच, थोडोसोच पुरता.”

मामा माझ्याकडे बघत राहिला. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, “म्हंजे आमी पेजेच्या वाटयेन भात वाढतंव! खाणाराक अजीर्ण होतला नाय तर काय!” त्याने आईला हाक मारून तेच सांगितले, मामीला सांगितले, गडग्यापलीकडे ओरडून बाबलकाकांनाही सांगितले. काका म्हणाले, “माका बरा वाटाचा म्हणान सांगतास तुमी,” आणि आत गेले. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की आज लिहितानाही त्याची लाज वाटते आणि त्याचा हेवाही वाटतो. कारण कळणे आणि जमणे यात अंतर असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

आपल्या घरगुती शेगडीचे जेट तिला बसेनात. आटे वेगळे होते. आम्ही सावंतवाडीला एका गॅस दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो वाकून जेट बघत म्हणाला, “लोकांची टाकयेवरची शेगडी पाइपवर करून दितंय मी. भोक मोठा केला की झाला. तुमी उलटा घेवन इलास. मोठा झालेला भोक ल्हान करूचा मशीन अजून देवान बनवक नाय!” तरी माणूस भला होता. त्याने ती भोके पितळ वितळवून बुजवली आणि नव्याने बारीक पाडून दिली. घरी येऊन जोडले तर दोन बर्नर बऱ्यापैकी निळे जळले. तिसरा पिवळाच राहिला. चौथा पेटला की फुर्र करून विझायचा आणि गॅसचा वास सुटायचा. दोन जमले म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, त्या मध्येच थांबल्या.

मग मामाने गोव्यात शोधायचे ठरवले. तिथल्या मोठ्या हॉटेलांत असल्या शेगड्या असतात, कुणाकडे तरी सुटे जेट मिळतील असे त्याला वाटले. आम्ही बर्नर पिशवीत घालून दिवसभर म्हापशाची दुकाने हिंडलो. कुणाकडे नव्हते. परत येताना इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली. पोलीस चढले आणि एकाने मामाच्या पायाशी असलेली जड पिशवी काठीने ढोसली.

“काय आहे यात? किती बाटल्या?”

“बर्नर आहेत साहेब. शेगडीचे.”

त्याने पिशवी उघडून आत हात घातला आणि काजळी लागलेला हात बाहेर काढला. “गोव्यातून लोक काय आणतात आणि तुम्ही हे?” गाडीतले सगळे हसले. मामाही हसला. आपला रुमाल काढून त्याने पोलिसाचा हात पुसायला दिला. गाडी सुटल्यावर मात्र तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “दोन्ही गॅसच मा रे? दोन्ही बरे जळतत आपापल्या जाग्यार.” मी होय म्हटले.

बाबलकाकांनी मध्ये एकदा सुचवले होते, “सुधा, तो गॅस सोड. खाली करवंट्यो घाल, निखारे कर. मासो बरो भाजतलो.” मामीलाही ते पटले होते. पण मामा त्या एकाच गोष्टीवर चिडला. “करवंट्यार मासो भाजूक मी इतकी वर्सा दर्यापार ऱ्हवलंय?” त्याचे असे चिडणे मी कधी पाहिले नव्हते. त्याला एकसारखी निळी ज्योत हवी होती, जी वर गेली तर त्याच्या बोटाने जाईल आणि खाली आली तर त्याच्या बोटाने येईल. परदेशात राहून त्याने शिकलेली ती एकच कला होती आणि ती त्याला आपल्या माणसांना दाखवायची होती. आता वाटते, करवंट्या घातल्या असत्या तर कदाचित सगळेच वेगळे झाले असते. पण हे मी लिहायला बसलो आहे म्हणून वाटते. तेव्हा मीही त्याच्याच बाजूने होतो.

दिवाळीनंतर किनाऱ्यावर गर्दी झाली आणि पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाने संध्याकाळचे जेवण आमच्याकडे सांगितले. मामाने इसवणीचे, म्हणजे सुरमईचे, तुकडे आणि आख्खे बांगडे हिरव्या वाटपात, तिरफळ-आमसूल घालून, हळदीच्या पानांत गुंडाळून ठेवले. त्या वासाने वाडीतली मांजरे गडग्यावर येऊन बसली. आईने सोलकढी केली, मामीने घावणे काढले. माणसे दोन बर्नरांवर भागण्यापेक्षा जास्त होती. रिकाम्या ताटांपुढे बसलेली ती माणसे बघून मामाने तिसरा बर्नर लावला. त्याने नॉब अगदी बारीक ठेवला होता. तरी पिवळी जीभ वर यायचीच. पाने जळून गेली आणि माशांवर काजळी बसली. तेजू ताटे घेऊन जायला तयार होती. ती प्रत्येक ताट हातात घेताना बापाकडे बघत होती.

पाहुणे भले होते. “छान आहे हं, चव वेगळीच आहे,” असे म्हणत त्यांनी घावणे आणि सोलकढी खाल्ली. त्यांच्यातला एक लहान मुलगा मात्र म्हणाला, “आई, माझ्या माशाला शाई लागली आहे.” त्याच्या आईने त्याला दटावले. जाताना सगळ्यांनी मामाला नमस्कार केला. ताटांत मासे तसेच होते, काहींनी काळी बाजू दिसू नये म्हणून उलटे करून ठेवले होते. मामा ते एकेक सुलटे करून बघत होता. माझी आई त्याच्याजवळ जाऊन बसली. तिने वरची कातडी काढून आतला पांढरा मासा त्याच्यापुढे धरला. “आत बरो आसा रे सुधा. खा,” ती म्हणाली. त्याने खाल्ला. आम्हीही खाल्ला. खरेच आत बरा होता. मला अजून ती चव आठवते, आणि मी तिच्यासारखा मासा नंतर कुठे खाल्लेला नाही.

त्यानंतर लवकरच मामाच्या आखातातल्या हॉटेलवाल्यांच्या एजंटाचा फोन आला. नव्या भटारखान्यात हाताखाली पोरे होती पण मासा भाजणारा नव्हता. येणार की नाही ते ताबडतोब सांगायचे होते. मामा लोट्यावर बसून होता. मामी दारात उभी राहिली.

“ओ, आयकलास? शेगडी नाय तर नाय. मी घावणे विकतलंय. तुमी ऱ्हवा.”

“एकच वरस गो. थंयसून बरोबरचे जेट घेवन येतंय.”

“जेट पोस्टान येतले. तेंच्यासाठी तुमी कित्याक जावक होये?”

मामाने एजंटाला येतो म्हणून कळवले. मला वाटते, त्या ताटांतले उलटे मासे त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हते. इथे आपण कोण, आणि तिथे आपण कोण, याचा त्याने हिशेब केला असावा. पण हे माझे म्हणणे झाले. त्याचे कारण त्याने कुणाला सांगितले नाही.

तो निघाला त्या दिवशी मी एक दिवसासाठी घाट उतरून आलो होतो. बाबलकाकांनी पुन्हा गाऱ्हाणे घातले, या वेळी नारळ पायरीच्या दगडावर फोडला, शेगडीपासून लांब. मामाने मला बाजूला घेतले. “तू परीक्षा सोडू नको हां, कशाकच. काय झाला तरी. आमच्यात तू एकटो शिकतंस.” मी मान हलवली. तेजू बाहेर आली नाही. रिक्षा सुरू झाली तेव्हा मामाच्या खिशातला फोन वाजला. आतून तिचा आवाज अंगणातही ऐकू येत होता.

“बाबा, तुमी खंय आसात?”

“हंयच आसंय गो,” मामा म्हणाला, आणि रिक्षावाल्याला त्याने हातानेच निघायला सांगितले.

शिमग्याला मी घरी गेलो तेव्हा जेट आले होते. मामाने ते तिथल्या एका दुकानातून मिळवून, सुट्टीवर येणाऱ्या शेजारच्या गावच्या माणसाबरोबर पाठवले होते. चार लहान पितळी जेट, कापसात गुंडाळलेले, नाकातल्या मोरणीसारखे. शिमग्याचे ढोल गावात वाजत होते आणि आम्ही अंगणात शेगडी उघडून बसलो. तेजूने मोबाइल धरला होता, त्यात मामा. “दिगू, जास्त आवळू नको. हातान बसव, मगे पान्यान वायच,” तो सांगत होता. त्याच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी चारही जेट बसवले, टाकी जोडली आणि काडी मामीच्या हातात दिली.

चारही बर्नर निळे पेटले. बोटभर उंच, एका ओळीत, जरासुद्धा पिवळे नाही. फोनमधून मामा म्हणाला, “तेजू, फोन वायच जवळ धर. माका आवाज आयकाचो आसा.” तिने धरला. त्या ज्योतीचा आवाज म्हणजे काय, एक बारीक सूं. तो ते ऐकत राहिला. मग गडग्यापलीकडून बाबलकाका आले, त्यांनी वाकून ज्योत पाहिली आणि एकदम मोठ्याने म्हणाले, “म्हंजे माझो नारळ निर्दोष! सुधा, आयकतंस मा? माझो नारळ निर्दोष!” मामा हसता हसता खोकायला लागला. तेजूने फोन आपल्याकडे वळवला.

“शेगडी बरी झाली. आता येतलास?”

“येतलंय गो. वरस संपला की येतलंय.”

त्यानंतर मामी संध्याकाळी शेगडी लावायला लागली. माझी परीक्षा जवळ आली आणि मी परत गेलो. परीक्षेच्या दिवसांत मामाचा फोन आला नाही. मामीने सांगितले की तिथे काम वाढले आहे, फोन लागत नाही. ती स्वतः मात्र प्रत्येक पेपराच्या आदल्या संध्याकाळी फोन करायची, पूर्वी कधी करत नव्हती. “जेवलंस? पेपर शांतपणान लिही. शेगडी बरी चलता, निळी जळता,” एवढेच ती सांगायची. तिचा आवाज बसला होता. धुरात उभी राहते म्हणून असेल असे मला वाटले. त्या शेगडीला आता धूर नव्हता, हे माझ्या लक्षातच आले नाही.

शेवटचा पेपर देऊन मी बाहेर आलो. मुले ओरडत होती, कुणी रंग उधळत होते. फाटकाजवळ, चिंचेखाली आई उभी होती. चांगले लुगडे नेसलेली, चेहरा पांढरा पडलेला, हातात पाण्याची बाटली. मला आधी आनंदच झाला. ती घाट चढून माझे कॉलेज बघायला आली असे वाटले आणि मी धावत गेलो. तिने माझ्याकडे पाहिले, मागच्या इमारतीकडे पाहिले आणि हळू आवाजात विचारले,

“पेपर बरो गेलो?”

“बरो गेलो. तू कशी इलंस? घाटात तरास नाय झालो?”

तिने मला कट्ट्यावर बसवले, बाटली उघडून हातात दिली आणि पाणी पिऊ दिले. मग म्हणाली, “सुधा गेलो रे दिगू.”

तुझ्या पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी, ती म्हणाली. कामावरून येऊन झोपला तो उठला नाही. विमानाने आणला. घरी नेला. सगळे झाले. ती हे मालवणीत सांगत होती आणि माझ्या डोक्यात ते पुस्तकातले एकेक वाक्य होऊन बसत होते. मला एवढेच विचारता आले, “अग्नी कोणी दिलो?”

“तेजून,” आई म्हणाली. “बाबलकाकान तिचो हात धरल्यान होतो. तुका बोलवया म्हणान सगळी म्हणत होती. मामीन नको म्हटल्यान. म्हणाली, दिगूचे पेपर होवंदेत. तेना सांगल्यान हा, परीक्षा सोडू नको म्हणान.”